टाच टेकते का? क्लबफूटवर उपचार झालेल्या मुलाचं पाऊल आणि चाल कशी तपासावी

सातारा-सांगली भागात नव्याने रुजू झालेल्या फिजिओथेरपिस्टसाठी आणि आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) गाडीवर काम सुरू केलेल्या डॉक्टर-सिस्टरसाठी हे लिहिते आहे. वाकड्या पावलाचं बाळ दिसलं की लगेच पुढे पाठवायचं, हे आता बहुतेकांना ठाऊक झालंय. पण प्लास्टर झालं, टाचेमागच्या शिरेचं (म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीचं) छोटं ऑपरेशन झालं, बाळ उभं राहिलं की ते "बरं झालं" असं सगळेच धरून चालतात. मग तीन-चार वर्षं त्या पावलाकडे कोणी नीट बघत नाही, आणि पावलं परत वळतात ती बहुतेक याच वर्षांत. म्हणून माझा आग्रह एकच आहे. टेबलावर झोपवलेल्या मुलाचं पाऊल सरळ दिसलं म्हणून समाधान मानू नका. मूल जमिनीवर काय करतं ते आधी बघा, हात नंतर लावा.

तपासणीआधी एवढं माहीत हवं

साधारण हजार जन्मांमागे एका बाळाला क्लबफूट असतो. मुलींच्या दुप्पट प्रमाणात मुलग्यांत, आणि जवळजवळ निम्म्या बाळांत दोन्ही पायांना. पावलात चार दोष एकत्र असतात: तळव्याची कमान जास्त खोल, चवडा आत वळलेला, टाच आत झुकलेली, आणि टाच वर ओढलेली. आयोवा विद्यापीठातल्या डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस जी पद्धत बसवली, तीच आज सगळीकडे वापरतात. दर आठवड्याला एक अशी साधारण पाच-सहा प्लास्टरं, मग बहुतेक मुलांत टाचेमागची शीर कापण्याचं छोटं ऑपरेशन, त्यावर तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर, आणि मग ब्रेस, म्हणजे दोन बूट आणि मधली पट्टी. ब्रेस पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, त्यानंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत, मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. टाचेमागची शीर त्या तीन आठवड्यांत पुन्हा जुळून येते. चवडा आत ओढणारी ताकद मात्र पुढेही काही वर्षं काम करत राहते. तिला अडवायला ब्रेसशिवाय काही नाही.

काही गोष्टी कायमच्या असतात, त्यांना घाबरू नका. क्लबफूटच्या बाजूची पोटरी थोडी बारीक राहते, पाऊल थोडं लहान राहतं, दोन पायांना वेगळ्या मापाचे बूट लागू शकतात. पालकांना हे पहिल्याच भेटीत सांगा. नाहीतर पोटरी जाड व्हावी म्हणून तेल-मालिशीवर पैसा आणि वर्षं जातात, आणि ब्रेस कोपऱ्यात पडून राहतो.

आधी घरच्यांशी बोला

"ब्रेस घालता ना?" असं विचारलं की उत्तर "हो" हेच येतं. कोणती आई डॉक्टरसमोर "नाही" म्हणेल? त्यापेक्षा असं विचारा: "ताई, काल रात्री ब्रेस कोणी घातला? झोपल्यावर घातला की आधी? पहाटे उठला तेव्हा पायात होता का?" उत्तर अडखळलं की समजून घ्या, रागावू नका. मग पुढचा प्रश्न: "माहेरी गेलात, जत्रेला गेलात, तेव्हा बरोबर नेता का?" सुट्टीत माहेरी गेलेल्या आईबरोबर ब्रेस गेलेला नाही, हे फार वेळा ऐकायला मिळतं.

त्यानंतर ब्रेस स्वतः हातात घ्या. तो आणलाच नसेल तर तीही माहिती आहे. बुटाचा पट्टा बघा. रोज वापरातल्या पट्ट्याचं एक भोक ताणून लांबट झालेलं असतं, आतलं अस्तर काळपट पडलेलं असतं, टाचेच्या जागी खळगा पडलेला असतो. सहा महिने जुना बूट आतून कोराच असेल, तर तुम्हाला उत्तर मिळालं. बोटं बुटाच्या पुढे येतात का, म्हणजे माप लहान झालंय का, तेही बघा. पट्टीची लांबी साधारण मुलाच्या खांद्यांच्या रुंदीएवढी हवी. क्लबफूटच्या बाजूचा बूट ६० ते ७० अंश बाहेर वळवलेला हवा, आणि दुसरं पाऊल चांगलं असेल तर ते ३० ते ४० अंश. बूट तिथेच घालून दाखवायला सांगा. टाच तळाला टेकली नाही, वर सरकली, तर दोष दर वेळी आईच्या घालण्यात नसतो. टाच पुन्हा वर ओढली जायला लागली असेल, तरीही ती बुटात बसत नाही.

याच वेळी दुखण्याबद्दल विचारा. कुठे दुखतं, खेळून आल्यावर की रात्री झोपेत? चपला-बूट कोणते घालतो? कोणत्या बाजूने झिजतात? बाहेरची कड आधी झिजते असं आई म्हणाली की कागदावर लगेच लिहून ठेवा. दिवसा साधे बूट-चपला चालतात. दिवसाच्या खास बुटांनी पाऊल सरळ राहत नाही, ते काम रात्रीच्या ब्रेसचं.

आणखी एक. खोलीत सासूबाई असतील तर ग्रहणाचा विषय हमखास निघतो: ग्रहणात विळी धरली, सुई लावली म्हणून झालं. तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, स्पष्ट सांगा की आईच्या वागण्यामुळे हे होत नाही. ज्या आईला घरात दोष दिला जातो, तिला रात्री रडणाऱ्या बाळाला ब्रेस घालायचा धीर राहत नाही. हे बोलणं तपासणीचाच भाग आहे असं मी मानते.

जागा आणि मोबाईल

चालायला सरळ सहा-आठ मीटर जागा हवी. दवाखान्याचा व्हरांडा, अंगणवाडीसमोरचं अंगण, शाळेची ओसरी, काहीही चालेल. मूल अनवाणी हवं आणि गुडघे दिसतील अशी चड्डी हवी. पँट वर दुमडून काम भागत नाही. गुडघ्याची वाटी कुठे बघते हे दिसलं नाही तर निम्मी तपासणी वाया जाते.

आईला पलीकडच्या टोकाला उभं करा आणि मुलाला तिच्याकडे जाऊ द्या. "नीट चाल रे" असं म्हटलं की मूल तुम्हाला दाखवायला चालतं. त्याला विसरू द्या. चेंडू टाका, पळू द्या, दमू द्या. थकल्यावरची चाल जास्त खरी असते.

मोबाईलवर व्हिडिओ घ्या, पण उभं राहून नाही. जमिनीवर बसा आणि मोबाईल मुलाच्या घोट्याच्या उंचीला धरा. मागून, पुढून आणि बाजूने, तिन्हीकडून घ्या. स्लो मोशन असेल तर वापरा. पालकांना विचारूनच घ्या. चेहरा यायची गरज नाही. पुढच्या भेटीला त्याच जागी, तसाच व्हिडिओ घेतला की दोन्ही शेजारी ठेवून बघता येतं, आणि चार महिन्यांत काय बदललं हे आईलाही दिसतं.

चाल बघताना

वय लक्षात ठेवा. नुकतंच चालायला लागलेलं मूल पाय फाकवून, हात वर धरून, सगळा तळवा एकदम आपटत चालतं, आणि ते अगदी बरोबर आहे. आधी टाच, मग चवडा अशी चाल साधारण दीड-दोन वर्षांच्या पुढे बसायला लागते. क्लबफूटची मुलं बाकीच्यांपेक्षा थोडी उशिरा चालतात, तेवढ्यावरून चिंता नको. पण दीड वर्षाच्या पुढेही पाऊल उचललं नसेल, तर फक्त पावलाकडे बघू नका. कंबर, पाठ आणि एकूण वाढ तपासायला पाठवा.

मागून बघताना फक्त टाचेकडे बघा. उभ्या मुलाची टाच पोटरीच्या रेषेत सरळ किंवा किंचित बाहेर हवी. आत झुकली असेल तर नोंद करा. पुढून बघताना गुडघ्याची वाटी आणि पायाची बोटं एकत्र बघा. पाऊल आत वळतंय आणि वाटी समोर आहे, तर कारण नळीत (गुडघ्याखालच्या पुढच्या हाडात) किंवा पावलात आहे. वाटीसुद्धा आत बघत असेल, तर वळण खुब्यातून येतंय. पाऊल आत टाकणाऱ्या प्रत्येक मुलाचा क्लबफूट उलटलेला, म्हणजे परत वळलेला, नसतो. हा फरक न करता "परत वाकडं झालं" असं सांगितलं की घरातले उगीच हादरतात.

बाजूने बघताना तीन प्रश्न विचारा. टाच आधी टेकते का? टेकली तर पाऊल पुढे जाईपर्यंत टेकलेली राहते का, की लवकर उचलते? आणि त्या पायावर भार असताना गुडघा मागे ढकलला जातो का? टाचेमागची शीर आखडली की मूल टाच टेकवायला गुडघा मागे ढकलतं. वरून बघणाऱ्याला वाटतं टाच टेकली, पण किंमत गुडघा देत असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नव्या माणसाच्या नजरेतून सगळ्यात जास्त निसटणारं. पाऊल हवेत असताना बघा. काही मुलांचं पाऊल जमिनीवर सपाट बसतं, पण उचललं की आत आणि वर वळतं, आणि टेकताना बाहेरची कड आधी टेकते. नळीच्या पुढच्या स्नायूचा ओढा जास्त आणि बाहेरच्या स्नायूंचा कमी, म्हणून असं होतं. टेबलावर हे पाऊल हाताने सहज सरळ होतं, त्यामुळे "छान आहे" असा शेरा पडतो. करंगळीच्या बाजूच्या तळव्याची कातडी बोटाने चाचपून बघा. तिथे जाड, खरखरीत कातडी असेल तर भार रोज तिथे पडतोय. मांडी घालून बसणाऱ्या मुलाच्या घोट्याच्या बाहेरच्या हाडावरही घट्टा येतो. तो वेगळा, या दोन्हींची गल्लत करू नका.

शहाबादी फरशी असेल तर पाय ओले करून चालवा आणि ठसे बघा. फक्त बाहेरची कड उमटली, किंवा टाचेचा ठसाच नाही, तर ती खूण पक्की. पण लहान मुलाचा ठसा पूर्ण सपाट आला म्हणून घाबरू नका. त्या वयात तळव्याखाली चरबी असते, कमान दिसतच नाही.

खेळायला लावा

पावलाचा उपयोग होतो का, हे खेळातच कळतं. आपल्याकडे सगळ्यात चांगली चाचणी फुकट मिळते: उकिडवं बसणं. जमिनीवर गोट्या किंवा चिंचोके टाका आणि उकिडवं बसून वेचायला सांगा. दोन्ही टाचा जमिनीला चिकटलेल्या राहिल्या, तर घोटा वर वाकतोय. एक टाच उचलली, किंवा मूल एका बाजूला कललं, पाऊल बाहेर फिरवून बसलं, तर घोट्यात अडचण आहे. संडासला बसताना काय करतो, हेही आईला विचारा. एका आजीने मला सांगितलं होतं, "बसतुया, पर एक टाच वरच असती बगा." त्या मुलाच्या जुन्या कागदावर सगळं उत्तम लिहिलेलं होतं. गुडघा सरळ ठेवून मोजलं तर घोटा जेमतेम काटकोनापर्यंत येत होता.

त्यानंतर पायऱ्या. तीन वर्षांचं मूल साधारण एक पाय एका पायरीवर असं चढतं. दर पायरीला तोच पाय पुढे टाकतंय का बघा. जावळी-पाटणकडच्या मुलांच्या आयांना चढाबद्दल जरूर विचारा. चढावर घोटा जास्त वाकावा लागतो, त्यामुळे सपाटीवर लपलेली अडचण चढावर दिसते: मूल चवड्यावर चढतं किंवा पाऊल बाहेर फिरवून चढतं.

तीन वर्षांच्या आसपास एका पायावर क्षणभर उभं राहता यायला हवं, चार-पाचव्या वर्षी लंगडी घालता यायला हवी. लंगडी दोन्ही पायांवर घालायला लावा आणि दोन पायांतला फरक बघा, कारण त्याच मुलाचा चांगला पाय हे सगळ्यात चांगलं माप आहे. दोन्ही पाय बाधित असतील तर त्याच वयाचं भावंड किंवा शेजारचं पोर बरोबर खेळायला घ्या. टाचांवर चालायला लावलं की घोटा स्वतःच्या ताकदीने किती वर येतो ते कळतं. चवड्यावर चालायला लावलं की पोटरीची ताकद कळते. मोठी शस्त्रक्रिया झालेल्या पावलात पोटरी दुबळी असू शकते. पाच वर्षांपुढचं मूल एका पायाच्या चवड्यावर उभं राहू शकलं नाही, तर नोंद करा.

आता हात लावा

मुलाला झोपवा, गुडघा सरळ ठेवा. एका हाताने टाच पकडा. नुसता चवडा धरून वर ढकलू नका. तसं केलं की पाऊल मधूनच वाकतं, घोटा वाकल्याचा भास होतो, आणि जोर लावत राहिलं तर तळवा मधून फुगतो. टाच खाली सरकतेय का हे अंगठ्याला जाणवलं पाहिजे. कोनमापक नळीच्या बाहेरच्या रेषेवर आणि पावलाच्या बाहेरच्या कडेवर लावा. काटकोनापासून वर १५ अंश मिळाले तर चांगलं. १० अंशांच्या खाली आलं, किंवा मागच्या भेटीपेक्षा कमी झालं, तर सावध व्हा. मग गुडघा वाकवून पुन्हा मोजा. वाकवल्यावर बरंच वाढलं तर पोटरीचा वरचा स्नायू आखडलाय. दोन्हीकडे तेवढंच राहिलं तर अडथळा खाली, टाचेजवळ आहे.

पाऊल बाहेर किती वळतं ते बघा, चवड्याची बाहेरची कड सरळ आहे की केळीसारखी वळली आहे ते बघा, टाच हाताने मधल्या रेषेत येते का बघा. मोठं मूल असेल तर पाय खाली सोडून बसवा आणि "पाऊल वर घे" म्हणा. सरळ वर आलं तर ठीक. वर येताना आत फिरलं तर चालताना दिसलेल्या गोष्टीला पुरावा मिळाला. लहान बाळाच्या तळव्याच्या बाहेरच्या कडेला बोटाने गुदगुल्या करा, पाऊल बाहेर झटकलं की बाहेरचे स्नायू जागे आहेत. शेवटी मुलाला पालथं घालून गुडघा काटकोनात वाकवा आणि वरून मांडी व पाऊल यांतला कोन बघा. नळीचा पीळ इथे कळतो. पालथं घातलंच आहे तर पाठीचा कणाही बघा. कमरेवर केसांचा पुंजका, खळगा किंवा गाठ दिसली, तर मुलाला पुढे पाठवलंच पाहिजे. ब्रेस नीट वापरत असूनही तीन-चार वर्षांनंतर पाऊल झपाट्याने वळायला लागलं, तरीही मज्जारज्जूची शंका मनात ठेवा.

गुण आणि नोंद

पाऊल किती वाकडं आहे हे मोजायचे पिराणी गुण तुम्हाला शिकवले असतील: सहा खुणा, प्रत्येकीला ०, ०.५ किंवा १, एकूण ६. प्लास्टर चालू असलेल्या बाळासाठी ते उत्तम आहेत. चालणाऱ्या मुलाला तेवढे पुरत नाहीत, कारण त्यात चाल नाही, दुखणं नाही, बूट नाही. चालत्या मुलांसाठी बांगलादेशात तयार झालेली एक तपासणी आहे. तिच्यात पालकांचे प्रश्न, चाल आणि हाताची तपासणी तिन्ही येतं. आफ्रिकेतल्या कामातून आलेल्या ॲक्ट तपासणीत चारच गोष्टी विचारतात: पाऊल सपाट टेकतं का, दुखतं का, हवे ते बूट घालता येतात का, आणि पालक समाधानी आहेत का. गाडीवर वेळ कमी असतो तेव्हा या चार तरी विचाराच. मात्र पालकांचं समाधान आणि पावलाची स्थिती यांत फरक पडू शकतो. सुरुवातीचं पाऊल ज्यांनी पाहिलंय त्यांना आताचं पाऊल सुंदरच वाटतं, आणि मला ते पटतंही. तुम्ही मात्र दोन्ही वेगवेगळं लिहा.

नोंद डाव्या-उजव्या पायाची स्वतंत्र हवी. "ठीक" हा शब्द नको, अंश लिहा. "टाच टेकते, लवकर उचलते", "हवेत आत वळतं", "उकिडवं बसताना उजवी टाच वर", असं लिहिलं की पुढच्या माणसाला कळतं.

काय सापडलं तर काय करायचं

घोटा कमी वाकतोय, चवडा आत आलाय, टाच झुकलीय, यातलं काहीही नव्याने दिसलं तर नुसते व्यायाम सांगून घरी पाठवू नका. सुरुवातीचा उलटलेला क्लबफूट पुन्हा दोन-तीन प्लास्टरांत बऱ्याचदा सरळ होतो, पण वेळ गेला की होत नाही. पाऊल हवेत आत वळत असेल आणि मूल अडीच-तीन वर्षांच्या पुढे असेल, तर नळीच्या पुढच्या स्नायूची शीर बाहेरच्या बाजूला बसवण्याचं ऑपरेशन लागू शकतं. तो निर्णय अस्थिरोगतज्ज्ञांचा, पण तुमचा व्हिडिओ त्यांना फार उपयोगी पडतो. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे पाठवता येतं. क्लबफूटचा वार आधी फोन करून विचारा. जतहून पहाटेची एसटी धरून आलेल्या आईला "आज डॉक्टर नाहीत" हे ऐकावं लागू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून क्लबफूटचा समावेश आहे, त्यामुळे पुढे पाठवण्याचा कागद तुमच्याच हातात आहे. हाडवैद्याकडे ओढून सरळ करून घेण्याचा विचार घरात चालू असेल तर तोही विचारून घ्या आणि शांतपणे थांबवा.

सगळं ठीक असेल तरी पुढची तारीख द्या. ब्रेस लावल्यावर सुरुवातीला दोन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी, मग तीन वर्षांचं होईपर्यंत दर चार महिन्यांनी, चार वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, आणि पुढे वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षा-दोन वर्षांनी.

ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेल्या मुलांसाठी ही तारीख वेगळी ठरवावी लागते. कारखान्यांचा हंगाम संपला की ती कुटुंबं बीडकडे परततात. प्लास्टर इथे सुरू झालेलं असतं आणि ब्रेस तिथे लागणार असतो. त्यांना मुकादमाकडून गावी जायचा अंदाज आधीच विचारून घ्यायला सांगा. अंश, ब्रेसचं माप आणि शेवटच्या प्लास्टरची तारीख एका कागदावर लिहून आईच्या हातात द्या, त्याच कागदाचा फोटो तिच्या किंवा नवऱ्याच्या मोबाईलमध्ये काढून ठेवा, आणि त्यांच्या तालुक्याच्या आरबीएसके पथकाला तुम्ही स्वतः फोन करा.